वाचकांचे प्रश्न : मित्र गेला, त्याचं गाणं मागे राहिलं

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच विषयाची आहेत. ज्याच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं गाणं ऐकलं, तो मित्र राहिला नाही. आणि त्याच्या कॅसेटी, त्याचं वाद्य, त्याच्या तबकड्या आता पत्रलेखकांच्या घरी आल्या आहेत. त्यांतली सहा पत्रं इथे घेतली आहेत. कॅसेटींच्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली, कारण तिथे हातात वेळ कमी आहे. दर पावसाळ्यागणिक फीत खराब होते, आणि ती धड वाजवणारी यंत्रंही कमी होत चालली आहेत.

*प्रश्न : माझा जवळचा मित्र गेल्या वर्षी वारला. गावातल्या खासगी बैठकी तो स्वतः टेप करायचा. त्याच्या घरच्यांनी दोन खोकी भरून कॅसेटी माझ्याकडे दिल्या आहेत. काही विकतच्या आहेत, काही रेडिओवरून उतरवलेल्या, बाकी बैठकींच्या. काहींवर पांढरट बुरशी दिसते. माझ्याकडे जुना टेपरेकॉर्डर आहे. कुठून सुरुवात करू? — एक वाचक, सोलापूर*

या कॅसेटी संगणकावर उतरवून ठेवायला हव्यात, पण सुरुवात वाजवण्यापासून करू नका. आधी निवड करा. विकतच्या कॅसेटींवरचं गाणं बहुतेक वेळा दुसरीकडे मिळतं. बैठकींची मुद्रणं मात्र जगात ही एवढीच असण्याची शक्यता आहे. म्हणून बैठकी पहिल्या, रेडिओच्या दुसऱ्या, विकतच्या शेवटी.

कॅसेट डबीतून काढण्याआधी डबीचा, आतल्या कागदाच्या दोन्ही बाजूंचा आणि कॅसेटवरच्या लेबलाचा फोटो घ्या. एकदा कागद आणि कॅसेट यांची फारकत झाली, की कुठली बैठक कुठली हे सांगणारं कोणी उरत नाही. मित्राने घाईत लिहिलेलं ‘यमन, नंतर ठुमरी, तबला बदलला’ एवढं टिपणही पुढे तारीख ठरवायला उपयोगी पडतं. क्रमांक डबीवर घाला. कॅसेटवर जाड स्टिकर चिकटवला तर ती यंत्रात अडकते.

मग मुद्रण पुसलं जाणार नाही याची तजवीज. ए बाजू आपल्याकडे आणि फीत दिसते ती कड खाली धरली, की वरच्या कडेला दोन टोकांना प्लॅस्टिकच्या चिमुकल्या पट्ट्या दिसतात. डावीकडची ए बाजूची, उजवीकडची बी बाजूची. दोन्ही मोडून टाका. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आता काही पुसलं जाणार नाही.

बुरशीच्या कॅसेटी लगेच वेगळ्या पिशवीत काढा. त्या तशाच वाजवल्या तर दोन गोष्टी होतात : बुरशी यंत्रात जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते; आणि एकमेकांना चिकटलेले फितीचे वेढे सुटताना फीत तुटते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर त्या दोनतीन आठवडे ठेवा. बुरशी पूर्ण वाळली की भुकटी होते आणि मऊ ब्रशने निघते. ओली असताना पुसली तर फासली जाते. हे काम गॅलरीत, तोंडाला मास्क लावून करा. उन्हात वाळवू नका, उन्हाने कॅसेटचं खोकं वाकतं आणि फीतही. ज्या कॅसेटमध्ये मित्राचा स्वतःचा आवाज आहे किंवा जी बैठक खरोखर दुर्मिळ आहे, तिला बुरशी असेल तर घरी प्रयोग न करता जाणकाराकडे द्या.

आता यंत्र. जुन्या डेकचे, म्हणजे टेपरेकॉर्डरचे, रबरी पट्टे ताणलेले किंवा विरघळून चिकट झालेले असतात. त्यामुळे वेग हलतो, आणि तो सगळ्यात आधी तानपुऱ्यात कळतो : सलग षड्ज लाटेसारखा खालीवर होऊ लागला तर पट्टा बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. हेड (फीत वाचणारा भाग) आणि त्याच्या शेजारची धातूची फिरती दांडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा. औषधाच्या दुकानातलं साधं स्पिरिट नको, त्यात पाणी आणि इतर घटक असतात. रबरी रोलरला अल्कोहोलची सवय लावू नका, रबर कडक होऊन तडकतं. ओलसर फडकं आणि थेंबभर साबण पुरे. पहिल्यांदा टाकाऊ कॅसेट लावून बघा.

कॅसेट वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं एका जागी बसलेले वेढे मोकळे होतात. अपवाद १२० मिनिटांच्या कॅसेटींचा. त्यांची फीत फार पातळ असते, ती वेगाने गुंडाळताना ताणते किंवा गुंतते. त्या नुसत्या वाजवूनच पुढे न्या. आवाज अगदी दबलेला आणि क्षीण आला तर कॅसेटच्या ज्या कडेला फीत दिसते तिथून आत बघा : फितीमागे स्प्रिंगवर नमद्याचा इवलासा तुकडा असतो, त्याचा गोंद सुकून तो गळून पडलेला असतो. अशी फीत स्क्रूने उघडणाऱ्या दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात हलवावी लागते. फीत तुटली असेल तर घरातली चिकटपट्टी अजिबात वापरू नका. तिचा गोंद पाझरून शेजारचे वेढे चिकटतात. फीत जोडायची खास पट्टी मिळते, तीच हवी.

यापुढची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि तिथेच अर्धं गाणं गमावतात. मित्राच्या टेपरेकॉर्डरचं हेड आणि तुमच्या डेकचं हेड यांचा कोन तंतोतंत सारखा नसतो. कोन चुकला की वरचे, बारीक आवाज बुडतात आणि सगळं घोंगडीखालून आल्यासारखं ऐकू येतं. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक स्क्रू असतो. त्याची मूळची जागा आधी खुणेने टिपून ठेवा. दोन्ही चॅनेल एकत्र म्हणजे मोनो करून, हेडफोन लावून, तो अगदी कणाकणाने फिरवा. एका ठिकाणी तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, एकदम उघडते, तबल्याच्या चाटीला धार येते. तीच जागा. हे प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने करावं लागतं, आणि त्याला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. डॉल्बीचं (खरखर कमी करणाऱ्या सोयीचं) बटण बंद ठेवा, कागदावर तशी खूण असेल तरच चालू करा.

वेगाचाही घोळ असतो. बैठकीत बॅटरीवर चालवलेला टेपरेकॉर्डर बॅटरी उतरत गेली की सावकाश फिरतो; तीच कॅसेट आज बरोबर वेगाने वाजवली की गाणं चढ्या सुरात येतं, आणि बाजू संपेपर्यंत आणखी चढत जातं. गवय्याची पट्टी, म्हणजे पेटीची जी पट्टी तो ‘सा’ धरून गातो ती, ठाऊक असेल तर पेटीशी ताडून बघा. नसेल तर मागची घरघर ऐका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. बैठकीत लाऊडस्पीकर असेल तर त्याची घरघर कॅसेटवर उतरलेली असते. संगणकावर ती ५३ हर्ट्‌झ दिसली, तर काळी एकची पांढरी दोन झाली आहे, म्हणजे गाणं अर्ध्या सुराने चढलं आहे, असं समजा. दुरुस्ती मूळ फाइलीत करायची नाही, तिच्या नकलेत करायची.

डेकच्या ‘लाइन आउट’मधून वायर घ्या आणि ती संगणकाला जोडायच्या साउंड इंटरफेसच्या ‘लाइन इन’ला द्या. माइकच्या भोकात दिली तर आवाज फाटतो. ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर चालतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, डब्ल्यूएव्ही फाइल, असं सेटिंग ठेवा. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. त्यासाठी आधी द्रुताचा शेवट आणि टाळ्या ऐकून घ्या, आलापीवर पातळी ठरवली तर तराण्यात फाटते. एका तासाला साधारण १ जीबी लागतो, म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटला दीड जीबी. दोन वेगळ्या डिस्कवर दोन प्रती ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरी. मित्रमंडळींना वाटायला १९२ केबीपीएसची एमपीथ्री पुरते, कॅसेटमागे १३० एमबीच्या आसपास.

आणि आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते. कॅसेट पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत पूर्ण उतरवा. सुरुवातीचं तानपुरे लावणं, ‘जरा पुढे सरका’, चहाच्या कपांचा आवाज, दोन रागांमधल्या गप्पा, समेवरचं ‘क्या बात है’ यातलं काहीही कापू नका. टेपरेकॉर्डर मित्राच्या मांडीशी असणार, म्हणजे माईकला सगळ्यात जवळची दाद त्याचीच आहे. गाणं कदाचित दुसऱ्या कुणाकडेही सापडेल. ही दाद सापडणार नाही. त्याच कारणासाठी खरखर काढायचं सॉफ्टवेअर मूळ फाइलीवर चालवू नका. सलग, न बदलणारा आवाज म्हणजे गोंगाट, असा त्या सॉफ्टवेअरचा हिशेब असतो, आणि तानपुरा नेमका सलग असतो. खरखरीबरोबर तोही खरवडला जातो आणि उरलेला गळा पाण्यातून आल्यासारखा लागतो.

प्रत्येक फाइलीबरोबर एक साधा मजकूर ठेवा : तारीख, गाव, कोणाचं घर, गायक, साथीदार, राग, आणि मिनिटांनिशी नोंदी, जसं की ‘१२:४० मागून मित्राचा आवाज, बंदिशीचे शब्द विचारतो’. तारीख नक्की नसेल तर ‘अंदाजे’ लिहा, कोरी जागा सोडू नका. त्या बैठकींना हजर असलेली जी माणसं आज हयात आहेत, त्यांच्यासोबत बसून ऐका आणि त्यांच्या तोंडून नावं लिहून घ्या. हे काम कॅसेटी उतरवण्याइतकंच तातडीचं आहे.

*प्रश्न : माझा गाण्यातला जोडीदार गेल्यावर त्याच्या पत्नीने, वहिनींनी, त्याचा तानपुरा मला दिला. चारपाच वर्षं तो खोळीतच होता. खुंट्या घट्ट बसल्या आहेत, तारा काळवंडल्या आहेत, जवारी बोलत नाही. शिवाय त्याची पट्टी काळी एक आणि मी काळी चारमध्ये गाते. तारा ओढून चढवल्या तर चालतील का? — एक वाचक, कराड*

नाही, चढवू नका. तारांची जाडी पट्टीप्रमाणे ठरवलेली असते. काळी एकच्या तारा काळी चारपर्यंत ओढल्या तर त्या तुटतील, आणि तुटल्या नाहीत तर सगळा ताण तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) आणि घोडीवर (तारा जिच्यावरून जातात तिच्यावर) येईल. पातळ तारा घालून पट्टी बदलता येते. पण मोठ्या भोपळ्याचा, लांब दांडीचा मर्दानी तानपुरा काळी चारमध्ये कधीच पुरता मोकळा बोलत नाही. आमचं मत स्पष्ट आहे : तो त्याच्या सुरातच लावलेला राहू द्या, आणि तुमच्या ओळखीत त्या पट्टीत गाणारं कोणी शिकत असेल तर त्याला आठवड्यातून दोनदा तुमच्या घरी रियाझाला बोलवा. वाजत राहिलेलं वाद्यच चांगलं राहतं.

आधी वाद्य तपासा. भोपळ्यावर बोटाने हलकेच टिचकी मारत फिरा. एखाद्या ठिकाणी आवाज फुटका, झणझणता आला तर तिथे चीर आहे. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो सांधाही बघा. चीर असेल तर तारा सैल करून वाद्य कारागिराकडेच न्या.

खुंट्या पावसाळ्यात फुगतात. जोर लावला तर खुंटीचं डोकं हातात येतं. कोरड्या हवेचे दिवस येऊ द्या, मग बाहेरच्या बाजूला ओढत थोडं मागेपुढे करत सोडवा. उलट खुंटी घसरत असेल तर तिला खडूची भुकटी लावा. तारा बदलताना चारही एकदम काढू नका. एक काढायची, तिच्या जागी नवी घालायची, मग दुसरी. नाहीतर घोडी जागची हलते आणि तबलीवरचा ताण एकाएकी जातो. पहिले दोनतीन दिवस नेहमीच्या सुरापेक्षा स्वरभर खाली ठेवा, रोज थोडं चढवा. लावताना आधी जोड (मधल्या दोन तारा), मग खर्ज (शेवटची), मग पंचम (पहिली). आणि शेवटची बारीक दुरुस्ती मण्यांनी.

जवारी बोलत नाही म्हणून लगेच घोडी घासायला देऊ नका. घोडीवर तारेखाली जो दोरा असतो, तो जुना होऊन चपटा झालेला असतो. नवा सुती दोरा घाला आणि तार छेडत तो मागेपुढे सरकवा. एका जागी तार झंकारू लागते. सगळी घोडी पालथी घालूनही ती जागा सापडली नाही, तर तारेने घोडीवर खाच पाडली आहे. तेव्हा जवारी काढून घ्यावी लागेल, आणि ते काम मिरजेच्या कारागिराच्या हातचं आहे. घरी पॉलिशपेपर लावला तर घोडीची गोलाई कायमची बिघडते. तुमच्यापासून मिरज जवळच आहे. जाण्याआधी फोन करून वेळ घ्या, आणि जवारी उघडी (जास्त झंकाराची) हवी की बंद (कमी झंकाराची) हे ठरवून जा. मित्राच्या एखाद्या मुद्रणात हाच तानपुरा असेल तर ते मोबाइलवर बरोबर न्या. शब्दांत सांगून जे कळत नाही ते कारागिराला ऐकून लगेच कळतं.

घरी भिंतीला टेकवून उभा ठेवू नका. धक्का लागून पडला की भोपळा फुटतो, आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा तसा मोठा, जाड सालीचा भोपळा पुन्हा जुळवणं अवघड असतं.

*प्रश्न : मित्राच्या वर्षश्राद्धाला आम्ही संध्याकाळी सहा ते आठ सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला आहे. साठसत्तर माणसं येतील. त्याला मालकंस अतिशय प्रिय. काही मुद्रणं ऐकवायची, एक गायिका तासभर गाणार, आणि चारपाच जणांना बोलायचं आहे. हे सगळं कसं बसवावं? — एक वाचक, डोंबिवली*

वेळ बदला. मालकंस रात्रीचा राग आहे, आणि ज्याला तो प्रिय होता त्याच्यासाठी संध्याकाळी सात वाजता तो गाऊन घेणं योग्य वाटत नाही. आठला सुरू करा, साडेदहापर्यंत चालवा. उघड्यावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही. बंद सभागृहाला नियमात सूट आहे, पण साठ माणसांच्या हॉलमध्ये माईकशिवायही गाणं पोचतं, आणि ते ऐकायला जास्त चांगलं लागतं. वेळ बदलणं शक्यच नसेल तर मुख्य राग संध्याकाळचा घ्या, मारवा किंवा पूरिया, आणि मालकंस फक्त मुद्रणात ऐकवा.

गायिकेला आणि तानपुऱ्यावर बसणाऱ्याला मालकंस आहे हे आधी कळवा. त्यात पंचम वर्ज्य, म्हणून पहिली तार मध्यमाला लावतात. ऐनवेळी पंचमावरून मध्यमावर उतरवलेली तार पहिली पंधरा मिनिटं सरकत राहते.

भाषणं सुरुवातीला, एकत्र. तिघांनी, प्रत्येकी तीन मिनिटं. गाण्याच्या मध्ये कोणालाही उठवू नका. वक्त्यांना ‘त्याच्याबद्दल बोला’ असं सांगितलं की सगळे तेच ते बोलतात. त्याऐवजी प्रत्येकाला एक मुद्रण किंवा एक बैठक नेमून द्या : ‘तू त्या पहाटेच्या बैठकीबद्दल सांग, तो कुठे बसला होता, कोणत्या जागेवर काय म्हणाला’. एवढंच.

मुद्रणं एकूण बारापंधरा मिनिटांपेक्षा जास्त नकोत. तासाभराच्या विलंबितातला तुकडा तोडून ऐकवला तर तो अर्धवट लागतो. जुन्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकडीवरचं तीनसाडेतीन मिनिटांचं गाणं मुळातच तेवढ्या अवकाशात बांधलेलं असतं, ते अशा सभेला चपखल बसतं. बैठकीचा तुकडाच घ्यायचा असेल तर तो समेवर संपेल असा काढा. मध्येच आवाज उतरवत नेणं कानाला आणि मनाला दोन्हीला लागतं. शक्य झालं तर असा तुकडा निवडा ज्यात त्याची दाद ऐकू येते. पण घरच्यांना आधी एकदा ऐकवा. साठ माणसांसमोर तो आवाज अचानक कानावर आला तर ते त्यांना झेपणार नाही.

यंत्राचं थोडक्यात : मोबाइलवरून वाजवणार असाल तर फोन विमान मोडवर, आणि जोडणी वायरने. ब्लूटूथ नको. सोसायटीच्या हॉलमध्ये फरशी असते, आवाज घुमतो. सतरंज्या पूर्ण पसरा, पडदे ओढून घ्या. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये बेताचा वाटणारा आवाज माणसं भरल्यावर कमी पडतो, तेवढी मोकळीक ठेवा. जुन्या कॅसेटची खरखर मोठ्या स्पीकरवर अंगावर येते, म्हणून ट्रेबल किंचित उतरवा.

कलाकार ओळखीचे असले तरी बिदागी द्या, आणि ती आधी ठरवा. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला, तो गाणं हीच आदरांजली या भावनेने. तुमची सभा लहान आहे, पण गाण्याला मधल्या वेळची करमणूक न समजता कार्यक्रमाचा गाभा मानलं, तर बाकीचं आपोआप जागेवर बसेल.

*प्रश्न : मित्राकडून आलेल्या ७८च्या तबकड्या स्पिरिटने पुसल्या तर चालेल का? त्या माझ्या एलपीच्या प्लेअरवर वाजतील का? — एक वाचक, बेळगाव*

स्पिरिट अजिबात नको. या तबकड्यांमध्ये लाख असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एकदा पुसलं की खाचा गेल्या. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचे दोनतीन थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल. मधलं लेबल कोरडं ठेवा आणि लगेच टिपून घ्या.

प्लेअरला ७८चा वेग असेल तरी सुई बदलावी लागेल. एलपीची सुई बारीक असते, ती ७८च्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते, तिथे नुसती माती आणि खरखर. ७८साठी ३ मिल, म्हणजे साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. चावीच्या ग्रामोफोनवर लावत असाल तर दर बाजूला नवी पोलादी सुई, जुनी झिजलेली सुई खाच कापते. तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचल्या तर खालच्या तडकतात. आणि ऐकताना शेवटपर्यंत थांबा : फार जुन्या मुद्रणांत गाणं संपल्यावर कलाकार स्वतःचं नाव सांगतो.

*प्रश्न : आम्ही चौघं कॉलेजपासूनचे. एक गेला. मी नाशिकला, एक लंडनला, एक न्यू जर्सीत. महिन्यातून एकदा त्याच्या आवडीचं काहीतरी व्हिडिओ कॉलवर एकत्र ऐकायचं ठरवलं, पण आवाज मध्येच बुडतो, तानपुरा तर गायबच होतो. — एक वाचक, नाशिक*

कॉलची सॉफ्टवेअरं माणसाचं बोलणं पुढे आणायला आणि मागचा पंखा गाळायला बनवलेली असतात. त्यांच्या लेखी तानपुरा म्हणजे पंखाच. सेटिंगमध्ये आवाज आहे तसा पाठवण्याचा, ‘ओरिजिनल साउंड’सारखा पर्याय असतो, तो चालू करा आणि गोंगाट गाळणारा पर्याय बंद करा. स्पीकरसमोर माईक धरून ऐकवू नका. स्क्रीन शेअर करताना संगणकाचा आवाज थेट पाठवता येतो.

यापेक्षाही चांगला मार्ग साधा आहे. फाइल तिघांकडे आधीच पाठवा. कॉलवर भेटा, सगळ्यांनी माईक बंद करा, तीन आकडे मोजून आपापल्या घरी चांगल्या स्पीकरवर एकदम लावा. एकमेकांचे चेहरे दिसतात, आवाज मूळचा मिळतो. अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तरी ऐकायला बिघडत नाही. एकत्र गायचा प्रयत्न मात्र सोडून द्या : खंडापलीकडून आवाज पोचायला लागणारा वेळ लयीला परवडत नाही, दुसऱ्याच आवर्तनात ठेका सुटतो.

नाशिकला संध्याकाळी सात म्हणजे उन्हाळ्यात लंडनला दुपारचे अडीच आणि न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ. हिवाळ्यात दोन्हीकडे एक तास आधी. मार्चमध्ये सांभाळा. अमेरिकेतली घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि ब्रिटनमधली शेवटच्या रविवारी, मधले दोनतीन आठवडे गणित वेगळं असतं. आणि रागाच्या वेळेवरून अडू नका. तिघांना एकच प्रहर मिळणार नाही. या महिन्यात एकाची वेळ, पुढच्या महिन्यात दुसऱ्याची.

*प्रश्न : मैत्रीण जाऊन सहा महिने झाले. आम्ही दोघींनी ऐकलेलं काहीही लावलं की दोन मिनिटांत बंद करावं लागतं. हे चुकीचं आहे का? आणि तिच्या बैठकींची मुद्रणं यूट्यूबवर टाकावीत असं तिच्या भावाचं म्हणणं आहे, त्याचं काय? — एक वाचक, रत्नागिरी*

चुकीचं काहीच नाही. ऐकलंच पाहिजे असा नियम नाही. मुद्रणं उतरवून ठेवण्याचं काम मात्र थांबवू नका; ते दुसऱ्या कुणाकडून आत्ता करून घ्या, ऐकणं हवं तितकं पुढे ढकला. कोकणातला आणखी एक पावसाळा कॅसेटींना सोसणार नाही. पुन्हा ऐकावंसं वाटेल तेव्हा थेट त्याच मुद्रणाकडे जाऊ नका. तोच राग दुसऱ्या कुणाचा, किंवा सतारीवर, सरोदवर, दिवसाउजेडी, दहा मिनिटं. एकटीने रात्री ऐकण्यापेक्षा तिला ओळखणाऱ्या कुणाला सोबत घ्या. झोप, जेवण, रोजची कामं हेच सगळं आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं.

यूट्यूबचं थांबवा. गायकाचा आपल्या गायनावर हक्क असतो, तो कार्यक्रमाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं चालतो. १९८५च्या बैठकीचा म्हणजे २०३५च्या अखेरपर्यंत. टेप करू दिला, याचा अर्थ जगाला ऐकवायला परवानगी दिली असा होत नाही. गायक किंवा वारस यांची लेखी संमती घ्या. प्रसिद्ध झालेल्या तबकडीचा हिशेब वेगळा : ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, म्हणजे १९६०ची तबकडी २०२०च्या अखेरीस मोकळी झाली, पण तीमधल्या काव्याचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, तो स्वतंत्रपणे बघावा लागतो. आणि बैठकींच्या मुद्रणात खासगी बोलणी असतात. बोलणाऱ्यांपैकी जे हयात आहेत त्यांनाही विचारायला हवं.

मुद्रणं लोकांच्या उपयोगी पडावीत अशी तिच्या भावाची इच्छा असेल तर संग्रहालयाचा मार्ग धरा. मुंबईत एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) आहे, गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं १९८२ साली सुरू झालेलं ध्वनिसंग्रहालय आहे. आधी पत्र लिहून यादी पाठवा : किती तास, कोण कलाकार, कोणती वर्षं, कॅसेटींची अवस्था. घेतात का, मूळ कॅसेटी ठेवून घेतात की प्रती, हे विचारा. देताना करार करा आणि त्यात दोन गोष्टी लिहून घ्या. एक, ऐकू कोणाला द्यायचं : जागेवर येणाऱ्या अभ्यासकांना की सगळ्यांना. दुसरी, सूचीत संग्राहक म्हणून तुमच्या मैत्रिणीचं पूर्ण नाव प्रत्येक नोंदीपुढे यावं, ‘खासगी संग्रह’ एवढंच नको.